हॅम घालून केलेलं वाटाण्याचं सूप: वाटाणे कोणते घ्यावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळ सरला की माझ्याकडे एकच विचारणा सुरू होते: घरात हॅमचं (खारवलेल्या डुकराच्या पायाचं) हाड उरलंय, सूप करायचंय, वाटाणे कोणते आणू? मी गोव्यात म्हापशाला राहते. हे सूप मी शेजारच्या आंटीच्या स्वयंपाकघरात उभी राहून शिकले आणि गेली कितीतरी वर्षं घरी करते आहे. माझा अनुभव असा की हॅम बरं-वाईट असलं तर सूप सांभाळून घेता येतं, वाटाणा चुकला तर नाही. म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रमाण हवं असेल तर थेट प्रश्न १० पाहा.

१. ताई, फार खोलात नको. कोणते वाटाणे आणू तेवढं सांगा.

हिरवी वाटाणा डाळ, म्हणजे साल काढून दोन फाकी केलेले सुके हिरवे वाटाणे. ती मिळाली नाही तर पिवळी वाटाणा डाळ. दोन्ही नसतील तर अख्खे सुके वाटाणे, पण त्यांना भिजवण्याची आणि गाळण्याची मेहनत आहे (प्रश्न ५). ताजे किंवा फ्रोझन मटार हा या सुपाचा मुख्य वाटाणा नव्हे.

कारण सोपं आहे. या सुपात दाटपणासाठी पीठ, साय, बटाटा काहीच घालत नाहीत. दाटपणा वाटाण्यानेच द्यायचा असतो. साल नसलेली डाळ हॅम उकळून काढलेल्या पाण्यात तास-सव्वा तास मंद आचेवर राहिली की आपोआप मोडते आणि सूप मिळून येतं.

२. वाटाण्याची डाळ असते हेच मला माहीत नव्हतं. दुकानदारही म्हणतो, अशी डाळ नाही.

असते. गिऱ्हाईक कमी म्हणून छोटी दुकानं ठेवत नाहीत, किंवा ती ‘मटर डाळ’ नावाने ठेवलेली असते. दोन्ही नावांनी विचारा. पिवळी डाळ घाऊक किराणा दुकानात बहुधा मिळते, कारण फरसाणवाले ती वापरतात. हिरवी मोठ्या सुपरमार्केटात शोधावी लागते.

आपण ज्याला पांढरा वाटाणा म्हणतो त्याची साल तेवढी पांढुरकी असते, आतला दाणा पिवळा असतो. तो सोलून फोडला की पिवळी वाटाणा डाळ होते. हा वाटाणा भारतात मोठ्या प्रमाणावर कॅनडा आणि रशियातून येतो. हिरवी डाळ हिरव्या सुक्या वाटाण्याची. वनस्पती एकच, जात वेगळी.

३. हिरवी आणि पिवळी, दोन्ही मिळाल्या तर कोणती?

हिरवी. तिला थोडा गोडवा आणि वाटाण्याचा खास वास असतो, आणि खारट, धुरी दिलेल्या हॅमसमोर तो गोडवा हवाच असतो. पिवळी चवीला सौम्य, किंचित मातकट, आपल्या वरणाच्या जवळ जाणारी. शिजण्यात दोघींत फारसा फरक नाही.

पिवळीला कमी लेखू नका मात्र. स्वीडनमध्ये गुरुवारी वाटाण्याचं सूप खायची जुनी चाल आहे आणि ते पिवळ्या वाटाण्याचंच असतं. कॅनडातल्या क्वेबेकचं सूपही पिवळ्याचं, खारवलेलं डुकराचं मांस घातलेलं. हिरवं सूप डच लोकांचं: इतकं दाट की चमचा उभा राहिला पाहिजे, असं ते म्हणतात. इंग्लंडात दोन्ही चालतात. चोरीस, म्हणजे गोव्याचं व्हिनेगर घातलेलं तिखट डुकराचं सॉसेज, घालायचं असेल तर मात्र मी स्वतः पिवळीच घेते, त्याचं कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

४. पिवळी वाटाणा डाळ आणि चणाडाळ मला सारखीच दिसते. चणाडाळ किंवा तूरडाळ घातली तर काय बिघडेल?

चणाडाळीने नक्की बिघडेल. सुरुवातीला मी स्वतः एकदा डब्यावरची चिठ्ठी न बघता चणाडाळ घातली होती. दोन तास उकळूनही दाणा दाणा वेगळा आणि वर पातळ पाणी. चणाडाळ आकार सोडत नाही. म्हणून तर पुरणासाठी आपण ती शिजल्यावर वेळून घेऊन वाटतो.

ओळख अशी: चणाडाळीचा दाणा थोडा खडबडीत, पाठीवर सुरकुती आणि एका टोकाला बारीक चोच. वाटाणा डाळ गुळगुळीत, नीट अर्धगोल, रंगाने फिकी. तूरडाळ या दोघींपेक्षा लहान आणि चपटी. शंका असेल तर पाच-दहा दाणे वाटीभर पाण्यात तासभर उकळा. बोटाने दाबताच लोणी झालं तर वाटाणा.

तूरडाळ मोडते, दाटही होते, पण तिची चव इतकी आपली आहे की हॅम घातलेलं वरण लागतं. मूगडाळीचंही तेच. खाण्यासारखं होईल, वाटाण्याचं सूप होणार नाही.

५. घरात पातळ भाजीसाठी आणलेले अख्खे हिरवे वाटाणे आहेत. त्यांचं होईल का?

होईल आणि छान होईल. तीन गोष्टी सांभाळा.

एक, रात्रभर भिजवा (प्रश्न ९). दोन, पातळ भाजीत किंवा तोणाकात (कडधान्याच्या गोवन रश्श्यात) आपण वाटाणा अख्खा राहील इतपतच शिजवतो. इथे तो पार गळला पाहिजे, म्हणून वेळ दुप्पट धरा. तीन, साल. अख्ख्या वाटाण्याची साल कितीही शिजवली तरी विरत नाही, चमच्यात पापुद्रे येतात. मिक्सरमध्ये फिरवलं तर साल बारीक होऊन सुपात चरचरीतपणा राहतो. माझा उपाय पुरणयंत्राचा: शिजलेले वाटाणे गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, साल वर राहते आणि खाली मऊ गर पडतो. मग तो गर हॅमच्या पाण्यात घालून घोटा. सालीत वजन जातं, म्हणून डाळीपेक्षा मूठभर वाटाणे जास्त घ्या.

पांढऱ्या वाटाण्यालाही हेच सगळं लागू. फक्त सूप पिवळं होईल.

६. बाजारात खूप गडद हिरवे सुके वाटाणे दिसतात. ते चांगल्या प्रतीचे का?

उलट, तिथे सावध व्हा. सुका हिरवा वाटाणा नैसर्गिकरीत्या फिका, किंचित पिवळट हिरवा असतो, आणि एका मापातले सगळे दाणे एकाच छटेचे नसतात. सगळेच्या सगळे पोपटी, चमकदार असले तर वरून रंग दिलेला असू शकतो. सुके वाटाणे भिजवून, रंगवून ‘ताजे सोललेले मटार’ म्हणून पिशवीत भरणं हीसुद्धा भेसळीची माहीत असलेली रीत आहे.

घरी तपासता येतं. काचेच्या पेल्यात थोडे वाटाणे घ्या, वर पाणी ओता, ढवळून अर्धा तास ठेवा. पाणी हिरवं झालं तर ते वाटाणे वापरू नका. या सुपात तर अजिबात नको, कारण आपण भाजीसारखं पाणी ओतून देत नाही. जे उतरेल ते सगळं पोटात जातं.

७. हिवाळ्यात ताजे मटार इतके गोड मिळतात, फ्रोझन तर बारा महिने असतात. मग सुक्यांचा हट्ट का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

गोड मटार आणि सुका वाटाणा एकाच वनस्पतीचे असले तरी आतून वेगळे असतात. मेंडेल या पाद्रीने वाटाण्यावर जे प्रयोग केले आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात त्याने गोल दाणा आणि सुरकुतलेला दाणा अशी जोडी घेतली होती. पुढे कळलं ते असं: सुरकुतणाऱ्या जातीत स्टार्च बांधणाऱ्या एका एन्झाइमात दोष असतो. त्यामुळे दाण्यात साखर जास्त राहते, स्टार्च कमी बनतो. साखरेमुळे पाणी जास्त धरलं जातं आणि वाळल्यावर दाणा आकसतो. खाण्याचे गोड मटार बहुतेक याच सुरकुतणाऱ्या घराण्यातले. डाळीचा वाटाणा गोल, स्टार्चने भरलेला. सुपाला दाटपणा देणारा तो स्टार्च.

म्हणून मटाराचं सूप वाटून करावं लागतं, थोड्याच वेळात होतं, आणि गोड, हलकं लागतं. ते तास-दीड तास हॅमच्या हाडाबरोबर उकळलं तर वासही जातो, रंगही जातो आणि दाटपणा तरीही येत नाही.

तरीही मटाराचंच करायचं असेल तर आधी हॅमचं पाणी वेगळं तयार करा. कांदा आणि एक मोठा बटाटा त्यात शिजवा, मग ७५० ग्रॅम मटार घालून पाचच मिनिटं उकळा आणि लगेच वाटा. ताज्या शेंगा एक किलो सोलल्या की साधारण ४०० ते ४५० ग्रॅम दाणे निघतात, त्या हिशेबाने आणा. आपल्याकडे भाजी बहुतेक बेळगावहून घाट उतरून येते. तोडल्यानंतर मटारातली साखर भराभर स्टार्चमध्ये बदलते, म्हणून एक शेंग सोलून दाणा चावून बघितल्याशिवाय घेऊ नका. गुळचट लागला तर घ्या, पिठूळ लागला तर फ्रोझन बरे, कारण ते तोडल्यावर काही तासांत गोठवलेले असतात.

८. डब्यातले वाटाणे? आणि आपले अळसांदे?

डब्यातले नकोत. आधीच शिजलेले, खारट आणि मऊ असतात, त्यांच्यात हॅमची चव मुरायला जागाच उरत नाही.

अळसांदे वाटाणा नव्हेत, ते चवळीच्या कुळातले. शिजून मऊ होतात पण मोडत नाहीत, आणि हेच त्यांचं मोल आहे. त्यांचं तोणाक करा.

९. कोणते वाटाणे भिजवायचे आणि किती वेळ?

डाळ भिजवायची गरज नाही. निवडा, तीन-चार पाण्यांत धुवा आणि घाला. तासभर भिजवली तर थोडा वेळ वाचतो इतकंच.

अख्खे वाटाणे आठ तास. पुस्तकांत बारा तास लिहिलेलं असतं, पण एप्रिल-मेमध्ये गोव्याच्या उकाड्यात बारा तासांत पाण्याला फेस आणि आंबूस वास येतो. अशा दिवसांत भांडं फ्रीजमध्ये ठेवून भिजवा. भिजवण्याच्या पाण्यात चमचाभर मीठ घाला. मिठाने वाटाणा कडक होतो हा समज खरा नाही, उलट साल लवकर मऊ पडते. ते पाणी नंतर ओतून द्या. त्याबरोबर थोडं मीठही जातं आणि पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही थोड्या जातात. २५० ग्रॅम वाटाणे भिजून जवळजवळ ५०० ग्रॅम होतात, तेव्हा भांडं मोठं घ्या.

१०. प्रमाण सांगा. सहा-सात माणसांसाठी.

वाटाणा डाळ ५०० ग्रॅम, हाडासकट हॅमचा तुकडा एक ते सव्वा किलो, पाणी सव्वादोन लिटर, दोन कांदे, दोन गाजरं, सेलरीचा एक दांडा, दोन तमालपत्रं, आठ-दहा मिरे. अख्खे वाटाणे असतील तर ६०० ग्रॅम, कोरडे असताना मोजून.

हॅमचा तुकडा म्हणजे डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा भाग, खारवलेला आणि शक्यतो धुरी दिलेला. कोल्ड स्टोरेजमध्ये, म्हणजे गोठवलेलं मांस विकणाऱ्या दुकानात, ‘हॅम हॉक’ म्हणून मागा, आधी सांगून ठेवलं तर आणून देतात. पॅकेटातलं कापलेलं हॅम शेवटी तुकडे करून घालायला ठीक, पण त्याने सुपाला अंग येत नाही. ते हाडातून आणि चामड्यातून येतं. पॅकेटच वापरायचं असेल तर बाजारातून डुकराची साधी हाडं आणून त्यांचं पाणी काढा.

११. हॅम खारट, मग मीठ किती आणि कधी?

शेवटी, चव घेऊनच. बहुतेक वेळा लागतच नाही. कच्चा खारवलेला तुकडा असेल तर आदल्या रात्री थंड पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, किंवा एकदा उकळी आणून ते पाणी फेकून द्या. नाताळात भाजलेल्या हॅमचं उरलेलं हाड असेल तर त्याची गरज नाही, मात्र त्यावर साखरेचा किंवा अननसाचा थर असेल तर तो खरवडून काढा.

१२. तीन तास झाले, वाटाणे शिजतच नाहीत! काय चुकलं?

बहुतेक वेळा तुमचं काही चुकलेलं नसतं, वाटाणा जुना असतो. डाळी-कडधान्यं उष्ण आणि दमट जागी महिनोन्महिने राहिली की दाण्याच्या आतच असा बदल होतो की नंतर कितीही उकळा, ती मऊ पडत नाहीत. आपला पावसाळा म्हणजे नेमकी तीच हवा. जूनपूर्वी भरून ठेवलेला वाटाणा नाताळात काढला तर हे होणारच. म्हणून सुपाचे वाटाणे गरजेपुरतेच आणा, खप असलेल्या दुकानातून आणा आणि उरले तर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. भुंगेही लागत नाहीत.

दुसरं कारण आंबट. टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू, कोकम यांतलं काहीही वाटाणा मऊ पडण्याआधी घातलं तर तो तिथेच अडतो.

तिसरं, जड पाणी. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर त्यातला कॅल्शियम सालीला आणखी घट्ट करतो. तुमच्याकडे नेहमीची डाळही उशिरा शिजत असेल तर सुपाला पिण्याचं गाळलेलं पाणी वापरून बघा.

भांडं चुलीवर असतानाच अडलं असेल तर खायचा सोडा, पाव चमच्याहून कमी. त्याने वाटाणा बहुधा मऊ पडतो, पण जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. हा अडचणीतला उपाय, रोजची रीत नव्हे.

१३. कुकरमध्ये करता येईल का?

येईल, पण सगळं एकत्र नको. आधी हॅम पाण्यासह कुकरला लावा, शिट्टी झाल्यावर मंद आचेवर ४५ मिनिटं. हॅम काढून घ्या, त्याच पाण्यात डाळ घालून पंधरा मिनिटं. भिजवलेल्या अख्ख्या वाटाण्याला पंचवीस ते तीस.

कृपा करून हे लक्षात ठेवा: वाटाणा डाळीला फार फेस येतो आणि तो फेस शिट्टीच्या नळीत जाऊन ती बुजवू शकतो. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, चमचाभर तेल घाला आणि झाकण लावण्याआधी उघड्यावर एक उकळी आणून फेस काढून टाका. वरचं पूर्ण प्रमाण पाच लिटरच्या कुकरमध्ये मावत नाही, दोन वेळा करा. वाफ आपोआप जिरू द्या, शिट्टी उचलून सोडू नका.

१४. हॅम मिळालं नाही. गोव्याचं चोरीस घालू का? तेव्हाही वाटाणे हेच?

घाला, पण ते हॅमच्या जागी नव्हे, हॅमच्या नंतर येतं असं समजा. चोरीसमध्ये व्हिनेगर असतं. हॅमसारखं ते सुरुवातीपासून वाटाण्याबरोबर टाकलं तर प्रश्न १२ मधलं आंबटाचं कारण लागू होतं आणि डाळ अडून बसते. ‘चोरीस घातलं आणि वाटाणे दगडासारखे राहिले’ असं मला दरवर्षी कोणी ना कोणी कळवतं, त्याचं कारण हेच.

रीत अशी. डुकराच्या साध्या हाडांचं पाणी काढा आणि त्यात डाळ पूर्ण मोडेपर्यंत शिजवा. ५०० ग्रॅम डाळीला दीडशे ग्रॅम चोरीस पुरतं. दोरा आणि आतडं काढून ते वेगळ्या तव्यावर परता, तेल सुटलं की अर्धं तेल बाजूला ठेवा. चोरीस सुपात घालून दहा मिनिटं उकळा आणि राखलेलं तेल वाढताना वरून सोडा. मीठ घालू नका, चोरीसमध्ये पुरेसं असतं.

इथे पिवळी डाळ चांगली. चोरीसचं लाल तेल हिरव्या सुपात मिसळलं की रंग चिखलासारखा होतो, पिवळ्यात केशरी, भूक लावणारा दिसतो. शिवाय पिवळीची सौम्य चव चोरीसच्या तिखट-आंबटाला वाव देते.

१५. आमच्याकडे डुक्कर खात नाहीत. सूप होईल का?

होईल. मग वाटाण्याची चव एकटीच पुढे येते, म्हणून हिरवी डाळच घ्या. कांदा तुपात चांगला तांबूस होईपर्यंत परता आणि शेवटी कोळशाची धुरी द्या: पेटता निखारा वाटीत, वर तुपाचा थेंब, पाच मिनिटं झाकण. मांसाहार चालत असेल तर धुरी दिलेलं चिकन शेवटी घाला.

१६. हिरवी डाळ घेतली तरी सूप मळकट शेवाळी झालं. हॉटेलात तर हिरवंगार असतं.

मळकट होणं बरोबरच आहे. बराच वेळ उकळल्यावर हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरव्याचा शेवाळी होतो. हिरवंगार सूप बहुधा मटाराचं असतं. रंग हवा असेल तर चूल बंद करण्याच्या तीन मिनिटं आधी दोन मुठी फ्रोझन मटार घाला. थोडे वाटून, थोडे अख्खे. दाटपणा डाळीचा आणि वरून ताजा गोडवा, असं दोन्ही मिळतं. मी पाहुण्यांसाठी असंच करते. रंगासाठी सोडा मात्र घालू नका.

१७. रात्री छान होतं, सकाळी फ्रीजमधून काढलं तर वडी पडल्यासारखं घट्ट. खराब झालं का?

नाही. थंड झाल्यावर वाटाण्यातला स्टार्च आणि हाडातलं जिलेटिन दोन्ही घट्ट होतात. कपभर गरम पाणी घालून मंद आचेवर, तळाशी ढवळत गरम करा, कारण हे सूप लागतं फार लवकर. मला तर दुसऱ्या दिवशीचं जास्त आवडतं, सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) आलेल्या गरम उंड्याबरोबर (गोल पावाबरोबर).

बाहेर मात्र दोन तासांहून जास्त ठेवू नका, आपल्या हवेत डाळ लवकर आंबते. पसरट भांड्यात लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. फ्रीझरमध्ये दोन महिने टिकतं. फक्त प्रश्न ७ मधलं बटाटा घातलेलं मटाराचं सूप गोठवू नका, बटाटा नंतर रवाळ होतो.